मराठीत फँटसी लिहायची तर कादंबरी, कॉमिक की पटकथा?

डोंबिवलीत राहणाऱ्या आणि ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: "बरीच वर्षं एक फँटसी डोक्यात आहे. सात राज्यांचा नकाशा काढलाय, वंशावळी तयार आहेत, तीन प्रकरणं लिहून झालीत, ती सोबत पाठवतो. मित्र म्हणतात, मराठीत एवढी जाडजूड कादंबरी कोण वाचणार, कॉमिक काढ. भाऊ म्हणतो, वेबसिरीजची पटकथा लिही, पैसा तिथे आहे. एका प्रकाशकाने पानं चाळून 'बालसाहित्यात बसवता येईल' असं सांगितलं. मी काय करू? आणि अशा लेखनाला आपल्याकडे साहित्य म्हणून कधी मान मिळेल का?"

मी फँटसी कादंबऱ्या लिहितो. थोडं कॉमिकसाठीही लिहिलंय, आणि पटकथांच्या बैठकांसाठी अंधेरीच्या कॉफीच्या दुकानांत भरपूर बसलोय. तुमची प्रकरणं वाचली. माध्यमाच्या आधीची एक अडचण मला त्यात दिसली. अग्निपक्षी राजधानीवर झेपावतो तो प्रसंग तुम्ही आधी उंचावरून लिहिलाय, मग जवळून, मग राजकन्येच्या डोळ्यांतलं प्रतिबिंब. म्हणजे डोक्यात सिनेमा चालू आहे आणि जे दिसतंय ते तुम्ही उतरवून घेताय. असं लिहिलेलं कादंबरी म्हणून सपाट वाटतं, आणि पटकथेला हवा असतो तो आटोपशीरपणाही त्यात नसतो. तुमच्या गोष्टीतली गंमत नेमकी कशात आहे हे अजून तुमचं तुम्हालाच ठरवायचंय. ते ठरलं की माध्यमाचा प्रश्न बराचसा सुटेल.

हे ठरवायला मी एक कसोटी वापरतो. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवसाच्या चामडी चपला वाहतात, चांगल्या मोठाल्या. का, तर देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात. देव रात्री फिरतो, इथपर्यंत कुणीही पोचेल. चपला झिजतात हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं, त्याच्यापुढे मी हात जोडतो. झीज आली की हिशेब आला. चपला शिवणारा आला, चामडं आलं, माप आलं, जुन्या जोडांचं काय करायचं हा प्रश्न आला. आणि एखाद्या वर्षी चपला झिजल्याच नाहीत तर? गावात काय कुजबुज होईल, पहिला संशय कुणावर जाईल? मला कादंबरी सुरू होताना दिसते ती इथे.

हीच कसोटी तुमच्या अग्निपक्ष्याला लावा. तो दर अमावास्येला राजधानीवर येतो असं तुम्ही म्हणता. मग त्या शहरात गवताचं छप्पर एकही नसणार. कौलं करणारी जमात तिथे श्रीमंत असणार आणि लग्नाचे मुहूर्त अमावास्येच्या आसपास कुणी धरत नसणार. जळून मेलेल्यांच्या विधवांना काही वेगळा मान असेल किंवा वेगळा छळ असेल. तुमच्या तीन प्रकरणांत यातलं काहीही नाही. पक्षी येतो, जाळतो, जातो, आणि दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीसारखा भरतो. सात राज्यांच्या वंशावळीपेक्षा मला त्या कौलाचा भाव जास्त हवा होता.

नकाशाबद्दलही जाता जाता सांगतो. सात काल्पनिक राज्यं काढायला माझी हरकत नाही, पण तुम्ही रोज ज्या महानगराच्या गर्दीत असता ते सात बेटं जोडून झालंय, आणि ते जोडताना काय काय घडलं त्याच्या कथा इथेच पडून आहेत. अठराव्या शतकात वरळीची खाडी बुजवायला हॉर्नबी वेलार्डचा बांध घालत होते. आख्यायिका सांगते की बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. मग काम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू गृहस्थांच्या स्वप्नात देवी आली. आम्ही समुद्रात पडून आहोत, आधी आम्हाला बाहेर काढा, म्हणाली. मूर्ती निघाल्या, बांध टिकला, महालक्ष्मीचं देऊळ झालं. सरकारी बांधकाम आणि देवीची अट एकाच करारात! आता त्याच किनाऱ्यावर समुद्रात भराव घालून कोस्टल रोड झाला, 2024च्या मार्चमध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. या वेळी करार कुणाशी झाला, की कुणी विचारलंच नाही? हे बीज मी इथे उघड्यावर टाकतोय. हवं त्याने उचलावं.

याचा अर्थ मराठी फँटसीत मुंजा, हडळ आणि देवचारच हवेत असा माझा आग्रह नाही. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'तली 'इस्किलार' घ्या. माणसांची नावं, देव, मंदिरं, सगळं परकं. कोकण नाही की घाट नाही. तरी त्यातलं मराठी इतकं पक्कं आहे की त्या देशाबद्दल एकदाही शंका येत नाही. माती परकी चालते, भाषा उसनी असली की चालत नाही.

तुमच्या प्रकरणांत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. तुमचा नावाडी म्हणतो, "हे आर्य, या सरितेचा प्रवाह आज दुर्दम्य आहे." कुठलाच नावाडी असं बोलत नाही, काल्पनिक राज्यातलासुद्धा. तो म्हणेल, "पाणी चढलंय. उद्या बघू." जुनं जग म्हटलं की आपल्या हाताला ऐतिहासिक नाटकाची भाषा लागते आणि माणसं पुठ्ठ्याचे मुकुट घालून बोलायला लागतात. त्यापेक्षा एखाद्या धंद्याची भाषा घ्या. कोळी, गवंडी, सुतार, आचारी, कुणाचीही. तिला काळ चिकटलेला नसतो.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे तुम्ही लक्षच दिलेलं नाही. आपल्याकडे दोन माणसं बोलायला लागली की पहिल्या वाक्यात नातं ठरतं. अरे, अगं, अहो, काय हो काका. तुमचा नायक पहिल्या प्रकरणात राजकन्येला 'आपण' म्हणतो, दुसऱ्यात 'तू' म्हणतो, आणि मधे काहीच घडलेलं नाही. वाचकाला तिथे काहीतरी घडायला हवं होतं. आणि अग्निपक्ष्याला लोक काय म्हणतात? आपण विठ्ठलाला अरे-तुरे करतो आणि हवालदाराला साहेब म्हणतो. कोणाची भीती कशी आणि माया कशी, ते यातून कळतं. तुमच्या राजधानीतल्या बायका त्या पक्ष्याला 'अगं बाई' म्हणत असतील तर ती एक गोष्ट आहे, 'महाराज' म्हणत असतील तर दुसरी. हा निर्णय झाला की देवळं, कर, सण यांचे अर्धे तपशील आपोआप ठरतात.

नावांचंही तेच. प्रत्येक नावाला ने, ला, च्या, कडे लावून मोठ्याने वाचा. 'झायर्थ्झने' म्हणताना तुमचीच जीभ अडखळत असेल तर शंभर पानांनंतर वाचक ते नाव गिळून पुढे जाईल.

आता माध्यमं. इथे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही स्वतः चित्रं काढता का, चित्रकाराला द्यायला पैसे आहेत का, नोकरी सांभाळून रोज किती वेळ मिळतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी प्रत्येकाबद्दल मला काय दिसलं ते सांगतो.

कॉमिक हे कादंबरीचं सोपं रूप आहे असं तुमच्या मित्रांना वाटतं. त्यांनी एकदा पानाचा हिशेब करावा. एका पानात पाच-सहा चौकटी, एका चौकटीत दोन फुगे, एका फुग्यात मोजके शब्द. अमर चित्र कथेचा नेहमीचा अंक 32 पानांचा. तुमची तीन प्रकरणंच त्यात मावणार नाहीत. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं असं सगळं धरलं तर एका पानाला चित्रकाराचे दोन-तीन दिवस सहज जातात. शंभर पानांचं काम म्हणजे वर्षाची नोकरीच. "पुस्तक विकलं गेलं की बघू" असं सांगून मित्राकडून हे करून घेऊ नका. मानधन ठरवा, ते जमत नसेल तर हक्कांत वाटा द्या, आणि जे ठरेल ते कागदावर घ्या.

पण कॉमिकला जे जमतं ते कादंबरीला जमत नाही, हेही खरं. इंद्रजाल कॉमिक्स मुंबईहून 1964 ते 1990 निघत होती, मराठीतही येत होती. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आठवा. पहिला वेताळ 1536 सालचा, आपण वाचतो तो एकविसावा. बापामागून मुलगा तोच पोशाख घालतो आणि जंगलाला वाटतं की एकच माणूस शतकानुशतकं जिवंत आहे. कादंबरीत ही युक्ती पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली असती. चित्रात पोशाख तोच, मुखवट्यात बुबुळं नाहीत, झालं काम. अमरत्वाचा भास रेषेनेच दिला. तुमच्या गोष्टीत असं काही आहे का, जे निव्वळ 'दिसणं सारखं असणं' किंवा 'दोन चौकटींच्या मधे काहीतरी निसटणं' यावर उभं आहे? असेल तर तेवढा भाग कॉमिकचा. अग्निपक्षी मात्र एकदा काढला की काढला. वाचकाच्या मनातला पक्षी तिथे संपतो. त्याची भीती न दिसण्यात असेल तर चित्रकाराकडे जाऊच नका.

कॉमिकला खालच्या पायरीवर बसवणाऱ्यांना मी प्रताप मुळीक यांचं उदाहरण देतो. अमर चित्र कथेतले देव आणि पुराणपुरुष त्यांनी काढले, आणि 1986 साली आलेल्या नागराज या सुपरहिरोची सुरुवातीची चित्रंही त्यांचीच. पुराण आणि सुपरहिरो यांच्यामधली भिंत समीक्षकांनी बांधली, चित्रकाराच्या हाताला ती कधी लागली नाही.

सिनेमाबद्दल तुमचा भाऊ म्हणतो ते अर्धं खरं आहे. पैसा तिथे आहे, पण तो लेखकाच्या आधी बऱ्याच जणांकडे जातो. पटकथा हा चित्रपट बनवण्याचा आराखडा असतो. चित्रपट झाला नाही तर आराखडा कुणी वाचत नाही. शिवाय सात राज्यं, सैन्य आणि पक्षी म्हटल्यावर मराठी निर्माता पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, हेच एका वाड्यात घडवता येईल का? यात त्याला हसू नका. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दादरच्या एका घरात उभा केला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लावला. आपला कथापट सुरू झाला तो देव, ऋषी आणि कॅमेऱ्याच्या करामती घेऊन, हाताशी होतं तेवढ्यात भागवून. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'त (1993) गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. ही कल्पना खर्चाच्या आवाक्यातली आहे आणि भीतीच्याही. रामदास पाध्येंच्या त्या बाहुल्याने जेवढी मुलं घाबरवली तेवढी महागड्या राक्षसांनी घाबरवलेली मला माहीत नाहीत. तुमच्या गावात तर 2022 मध्ये 'झोंबिवली'तून झोंबीसुद्धा येऊन गेले.

'तुंबाड' (2018) मला आवडतो तो याच कसोटीवर. नियम एका वाक्यात सांगता येतो: हस्तर या देवाला सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही, म्हणून पिठाची बाहुली दाखवून त्याच्याकडून मोहरा काढून घ्यायच्या. त्या मोहरांवर घर चालतं, बाप मुलाला धंदा शिकवतो तशी ती चोरी शिकवतो. देवाची भूक घरखर्चात उतरली! पहिल्यांदा आला तेव्हापेक्षा 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने जास्त कमाई केली. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, भूमी कोकणची, आणि भाषा हिंदी. 'मुंज्या'चंही (2024) तेच. यावर चिडण्यात अर्थ नाही. एवढा खर्च मोठ्या बाजारात पसरल्याशिवाय निघत नाही. मात्र तुम्हाला मराठीतच लिहायचं असेल तर पटकथेची वाट आज तुम्हाला बहुधा हिंदीकडे नेईल, हे माहीत असू द्या.

म्हणून माझा कल कादंबरीकडे आहे. सात राज्यं, हजार वर्षं आणि कौलांचा भाव, हे सगळं एकही पैसा न वाढवता फक्त कादंबरीत मावतं. वाचक किती? पहिली आवृत्ती हजार प्रतींची, कित्येकदा त्याहून लहान. हे आकडे पाहून नोकरी सोडू नका. पण अलीकडे एक बदल झालाय. 2017 मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप भारतात आलं आणि मराठी ऐकणारा वर्ग तयार झाला. विरार लोकलमध्ये उभ्याने पुस्तक उघडता येत नाही, कानात गोष्ट ऐकता येते. रहस्य, भय आणि अद्भुत हे प्रकार ऐकायला फार सोयीचे आहेत. तिथेही नावाड्याचं "पाणी चढलंय"च चालेल, "दुर्दम्य" नाही.

राहिला मानाचा प्रश्न. 'कथासरित्सागरा'त गुणाढ्याची कथा आहे. त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा 'पैशाची' नावाच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि सातवाहन राजाकडे पाठवली. पिशाच्चांची भाषा आणि रक्ताची शाई पाहून राजाने ती परत पाठवली. गुणाढ्य अरण्यात बसून एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला जनावरं गोळा झाली, ती चरायचीच विसरली, आणि राजाच्या स्वयंपाकघरात सुकं मांस यायला लागलं. राजा आजारी पडला. चौकशी झाली, राजा धावत आला, तोवर एक लक्ष श्लोक उरले होते. साहित्य चांगलं आहे हे राजाला दरबारातून कळलं नाही, ताटातून कळलं. पुन्हा झीजच बघा.

आपल्या काळातलं सांगायचं तर, मराठी विज्ञान परिषदेच्या 1974च्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत नारळीकर, तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे. आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली होती. पुढे 2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. म्हणजे दार बंद नाही. पण ते विज्ञानकथेसाठी जितकं उघडलं तितकं भयकथेसाठी किंवा फँटसीसाठी उघडलेलं नाही. नारायण धारपांना वाचक अफाट मिळाले, चर्चासत्रं थोडी. त्यांच्या काही गोष्टी परकीय कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत, 'लुचाई' तर स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर. तरी मध्यमवर्गीय घरात अमंगळ कसं पाऊल टाकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं नाही. दुसरीकडे, लायब्रऱ्यांसाठी महिन्याला एक या वेगाने लिहिलेल्या सगळ्याच कादंबऱ्या उपेक्षित रत्नं होती असं मी म्हणणार नाही. त्यातल्या बऱ्याच आज वाचवत नाहीत.

तुमच्या प्रकाशकाने 'बालसाहित्य' म्हटलं त्याचा राग मानू नका. त्याने त्याच्या दुकानातला कप्पा सांगितला. भा. रा. भागवत आणि रत्नाकर मतकरी ज्या कप्प्यात आहेत तो वाईटही नाही. पण तुमच्या गोष्टीत विधवांचं काय होतं हे तुम्ही खरंच लिहिलंत, तर तो कप्पा तिला पुरणार नाही, आणि मग दुसरा प्रकाशक शोधा.

आत्ता करायचं एवढंच. चौथं प्रकरण लिहू नका. त्याच राजधानीतल्या एखाद्या कौलं करणाऱ्याची, सुरुवात-शेवट असलेली एक स्वतंत्र कथा लिहा, पक्षी एकदाही न दाखवता. 'धनंजय' आणि 'नवल' या दिवाळी अंकांनी अशा कथांना वर्षानुवर्षं जागा दिली आहे. पाठवायची तर पाऊस लागायच्या आत पाठवा, श्रावणात संपादक पानं लावायला बसलेले असतात. त्याच कथेचं आठ पानांचं कॉमिक करून बघा, पैसे मोजून. ती छापून आल्यावर सिनेमावाल्यांचा फोन आलाच तर हक्क मुदतीवर द्या, मुदत आकड्यात लिहून घ्या, आणि पात्रं व जग यांचे हक्क त्या एका कथेपुरतेच आहेत हे वाक्य करारात आहे का ते सही करण्यापूर्वी वकिलाकडून बघून घ्या.